व्हिजन गेटवर, फळा धूसर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलीच्या शाळेच्या गेटवर ‘आमचं व्हिजन’ असा मोठा बोर्ड आहे, खाली ग्लोबल लीडर्स वगैरे सहा ओळी, आणि आत तिसरीतली आमची लेक शेवटच्या बेंचवरून फळ्यावरचा 8 वहीत 3 म्हणून उतरवत होती. अख्खी टर्म कुणाला पत्ता नाही. शेरा एकच, ‘लक्ष नसतं’. आम्हीपण ओरडलो तिला, खोटं कशाला बोलू. शेवटी टीव्हीला नाक लावून बसायला लागली तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, मायनस दोन! चष्मा मिळाला त्या दिवशी घरी येईपर्यंत दुकानाची एक पाटी वाचायची सोडली नाही पोरीने.

आता ‘व्हिजन’ या शब्दाची गंमत बघा. डॉक्टर 6 मीटरवरून तक्ता वाचायला लावतात, सगळं नीट दिसलं तर 6/6, तेच फुटांत 20/20. त्याच आकड्यावरून 1999 मधे जागतिक आरोग्य संघटनेने ‘व्हिजन 2020’ मोहीम काढली, टाळता येण्यासारखं अंधत्व घालवायची. कलाम सरांचं 2020 वेगळं, विकसित भारताचं, त्यावर आम्ही शाळेत निबंध लिहिले. प्रत्यक्षात 2020 आलं ते मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत! आता 2047 चं व्हिजन चालू आहे.

आणि पुढाऱ्याला दूरदृष्टी आहे म्हटलं की टाळ्या, पण दहावीच्या विज्ञानात दूरदृष्टिता हा चक्क दोष आहे, लांबचं स्वच्छ दिसतं नि जवळचं धूसर. मला तर शाळेचा तो बोर्डच आठवतो.

सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासणीला येते, त्यात डोळेही बघतात. आमच्यासारखे हजारो रुपये फी भरणारे मात्र त्यात बसत नाहीत. खासगी शाळांनी जूनमधे भिंतीवर एक तक्ता लावावा, टेपने 6 मीटर मोजावं, एकेक डोळा झाकून मुलांना वाचायला लावावं, ज्याला जमत नाही त्याच्या घरी चिठ्ठी पाठवावी, बस. खर्च किती, त्या बोर्डाच्या लाइटिंगपेक्षा कमीच.

हे मुख्याध्यापिकांना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, छान सजेशन आहे, पुढच्या वर्षीच्या व्हिजन डॉक्युमेंटमधे टाकू.

– एक पालक, सांगली