जवानालाही अधिकारी होता येते, हे गावोगाव सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील दीक्षांत संचलनाचे फोटो आपल्या अंकात दरवेळी येतात आणि मी ते कापून ठेवतो. ३० मे २०२५ रोजी १४८व्या तुकडीबरोबर पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या, तो अंक तर घरात सगळ्यांनी वाचला. या प्रबोधिनीबद्दल, म्हणजे एनडीएबद्दल, मला अतिशय आदर आहे. पण मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई म्हणून भरती होऊन सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस या नात्याने एक गोष्ट सांगावीशी वाटते. अधिकारी घडतो तो अर्धा कॉलेजात आणि अर्धा पलटणीत. जवानांना अधिकारी करणाऱ्या ज्या आर्मी कॅडेट कॉलेजात हे दोन्ही एकत्र येते, त्याचे नावसुद्धा आमच्याकडच्या गावांत कुणाला माहीत नसते.

आधी पलटणीबद्दल. एनडीएची तीन वर्षे आणि देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीचे एक वर्ष करून मुलगा लेफ्टनंट होतो, तेव्हा तो बावीस-तेवीस वर्षांचा असतो. पाठीवर पिठ्ठू बांधून सिंहगड चढून उतरलेला, शिक्षा खाल्लेला, वरच्या टर्मला गेल्यावर ज्युनिअर कॅडेटांची जबाबदारी घेतलेला. अंगात रग असते आणि निर्णय घ्यायची भीती गेलेली असते. मग एक दिवस त्याच्या हाती तीसेक माणसांची प्लाटून येते. त्यातला हवालदार त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, आणि सुभेदार जवळजवळ बापाच्या वयाचा.

मी नायब सुभेदार असताना आमच्या प्लाटूनला असाच एक नवा साहेब आला. हरियाणाचा. मराठी अजिबात येत नव्हती, ती शिकणे त्याला भाग होते. आल्यानंतर काही दिवसांत तीस किलोमीटरचा रूट मार्च झाला. पहाटे मुक्कामावर पोहोचलो. साहेब सगळ्यांच्या पुढे चालले होते, एकदाही थांबले नव्हते. तंबूत जाऊन ते बूट सोडायला लागले. मी बाहेर उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, आधी जवानांचे पाय." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग सोडलेली नाडी पुन्हा बांधली आणि टॉर्च घेऊन बाहेर आले. एकेका जवानासमोर उकिडवे बसून त्यांनी पाय बघितले. शेवटून दुसरा पोरगा मोजे काढेना. टाचेला रुपयाएवढा फोड फुटून मोजा कातडीला चिकटला होता. पुढच्या आठवड्यातल्या फायरिंग स्पर्धेतून नाव काढतील म्हणून तो लपवत होता. साहेबांनी पाणी मागवले, मोजा भिजवून हळूहळू सोडवला आणि विचारले, "दुखतंय का?" त्यांच्या तोंडून मी ऐकलेले ते पहिले मराठी वाक्य. त्या दिवसापासून प्लाटून त्यांची झाली.

देहरादूनच्या अकॅडमीत चेटवुड हॉल आहे. १९३२ साली अकॅडमीच्या उद्घाटनाच्या वेळी ब्रिटिश भारताच्या सैन्याचे तेव्हाचे सरसेनापती चेटवुड यांनी जे सांगितले, ते तिथे कोरलेले आहे: सर्वांत आधी देशाची सुरक्षा, मान आणि कल्याण, त्यानंतर आपल्या हाताखालच्या माणसांचे, आणि स्वतःची सोय व सुरक्षा नेहमी सर्वांत शेवटी. प्रत्येक अधिकाऱ्याला हे पाठ असते. पण पाठ असलेल्या वाक्याचा अर्थ पहाटे चार वाजता थंडीत, स्वतःचे पाय ठणकत असताना कळतो आणि तो तिथे सुभेदार, हवालदार, जवान शिकवतात. चांगले साहेब हे उघडपणे मान्य करतात, हे मी अभिमानाने लिहितो.

आता दुसरी बाजू. जवानाला हे सगळे अंगवळणी पडलेले असते, पण त्याला हुकूम मानायची सवय लागलेली असते. हुकूम द्यायला तो कुठे शिकणार? त्यासाठी आर्मी कॅडेट कॉलेज आहे. आज ते देहरादूनला अकॅडमीतच आहे. १९७७ पर्यंत ते आपल्या पुण्यात होते, हेही फार थोड्यांना आठवते. बारावी पास, किमान दोन वर्षे नोकरी झालेला, २० ते २७ वयाचा जवान यासाठी अर्ज करू शकतो. लेखी परीक्षा, मग एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, मुलाखत. एनडीएच्या मुलांची होते तशीच, कुठलीही सूट नाही. निवड झाली की तीन वर्षे कॉलेज, जेएनयूची पदवी, पुढे अकॅडमीत एक वर्ष, आणि खांद्यावर तारे. वय त्यापुढे गेलेल्यांसाठीही फौजेत वेगळ्या योजना आहेत.

माझा पुतण्या या वाटेने गेला. एकोणिसाव्या वर्षी भरती झाला, तेव्हा बारावी शास्त्र शाखेत बरे गुण होते, पण घरची दीड एकर कोरडवाहू जमीन आणि बहिणीचे लग्न डोक्यावर. एनडीएचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस. ते वय त्याने शेतात आणि भरतीच्या मैदानावर धावण्यात घालवले, कारण एनडीए नावाची परीक्षा असते हे त्याला कुणी सांगितलेच नाही. तालुक्यातल्या एका करिअर अकॅडमीने वर्षाची फी घेतली आणि फक्त शिपाई भरतीची तयारी करून घेतली. पलटणीत त्याच्या कंपनी कमांडरने त्याचे अक्षर आणि गणित पाहिले आणि आर्मी कॅडेट कॉलेजचा फॉर्म पुढे ठेवला.

पहिल्या एसएसबीत तो पहिल्याच दिवशी परत आला. इंग्रजीची धास्ती. पुढे सहा महिने ड्यूटी संपल्यावर रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाचले. दुसऱ्या वेळी निवडला गेला. तो सांगतो, ग्राउंडवरच्या टास्कमध्ये लाकडी फळी, दोरी आणि पिंप देतात आणि जमिनीला पाय न लावता सगळ्यांना पलीकडे न्यायचे असते. आरडाओरडा करणारी पोरे तिथे टिकत नाहीत. त्याने फळीचे टोक धरून बाकीच्यांना आधी पार केले. पलटणीत रोज जे करत होता, तेच.

देहरादूनची खरी परीक्षा वेगळीच निघाली. वाळूच्या नकाशावर गाव, नाला, टेकडी मांडलेली. शिकवणाऱ्या अधिकाऱ्याने विचारले, शत्रू इथे आहे, तुझी प्लाटून इथे, आता तू काय करशील? पुतण्याच्या तोंडून निघाले, "साहेब सांगतील ते." अधिकारी रागावले नाहीत. म्हणाले, "आता साहेब तूच आहेस." "काका, त्या रात्री मला झोप आली नाही," असे तो मला फोनवर म्हणाला. हुकुमाची वाट न बघता ठरवायचे, ठरवलेले चार वाक्यांत सांगायचे, आणि चुकले तर नाव आपलेच, हे शिकायला त्याला ती चारही वर्षे लागली. कॉलेज नसते तर तो उत्तम हवालदार झाला असता. हवालदारीत कमीपणा काहीच नाही, पण त्याच्यात जे होते ते तेवढ्यावर थांबले असते.

आज त्याच्या खिशात एक वही असते. कंपनीतल्या प्रत्येक जवानाचे नाव, गाव, मुले, आईबापांचे आजारपण, बांधावरून चाललेली कोर्टातली तारीख. सोयाबीन काढणीला कुणाला घरी जावे लागते हे त्याला विचारावे लागत नाही, कारण तो स्वतः त्या सुट्टीसाठी अर्ज घेऊन उभा राहिलेला आहे.

ही वाट आजची नाही. कारवारजवळच्या चेंडियाचे राम राघोबा राणे १९४० साली बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले, डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले, आणि चारच महिन्यांनी नौशेरा-राजौरी रस्त्यावर गोळीबारात सुरुंग काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेला हा माणूस शिपायातून वर आलेला होता.

आमच्या सातारा जिल्ह्यात देशातली पहिली सैनिक स्कूल १९६१ मध्ये सुरू झाली, छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. शाळकरी मुलांची सोय त्यामुळे काही प्रमाणात झाली. पण जो आधीच वर्दीत आहे, बर्फात ड्यूटी करतो आहे आणि ज्याला बारावीनंतर पुस्तक मिटावे लागले, त्याला कोण सांगणार? त्याचे घरचे आपले वर्तमानपत्र वाचतात.

म्हणून विनंती एवढीच की, संचलनाच्या बातमीशेजारी एक चौकट आर्मी कॅडेट कॉलेजसाठीही द्यावी: पात्रता, वय, अर्ज युनिटमार्फत कसा करायचा. प्रत्येक तालुक्यात माझ्यासारखे निवृत्त सुभेदार, नायब सुभेदार आहेत, त्यांनीही पुढे यावे. मी दर रविवारी सकाळी दहा ते बारा आमच्या ग्रामपंचायतीच्या वाचनालयात बसतो. सुट्टीवर आलेले तीन जवान सध्या येतात. एकाचे इंग्रजी कच्चे आहे, पण तो रोज एक पान मोठ्याने वाचतो आहे.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, जि. सातारा