त्या आईची कादंबरी कोणी लिहील का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ऐतिहासिक कादंबऱ्यांवरचा लेख वाचला. ताटातूट झालेल्या मायलेकरांची शेवटी भेट झालीच पाहिजे, वाचकाला तेच हवं असतं, असं त्यात म्हटलं आहे. मी वाचकच आहे आणि मला ते नको आहे, म्हणून हे पत्र.

लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलवर इंग्रजीत बऱ्याच कादंबऱ्या आहेत. १७४१ साली सुरू झालेल्या या अनाथालयात परिस्थितीने गांजलेल्या बायका तान्ही मुलं सोडून जात. गर्दी एवढी होऊ लागली की आईला पिशवीत हात घालून गोळी काढावी लागे. पांढरी निघाली तर मूल आत, काळी निघाली तर मूल घेऊन आल्या पावली परत. आत गेलेल्या मुलाचं नाव बदलत. उद्या ओळख पटावी म्हणून नोंदीच्या कागदाला कापडाचा तुकडा टाचत. सेरा बेंडर नावाच्या आईने १७६७ मध्ये ठिगळं जोडून शिवलेली एक पट्टी दिली होती. तिच्यावर दोऱ्याने बदाम भरलेला, आणि पट्टी मधोमध कापलेली. आठ वर्षांनी ती मुलाला परत घेऊन गेली. कादंबऱ्या धावतात त्या अशा सेराच्या मागे. पण १७४१ ते १७६० या वर्षांत तिथे १६,२८२ मुलं आली आणि आयांनी परत नेली ती १५२. उरलेल्या आयांचं काय?

आपल्या पुण्यातही हे घडलं आहे. १८६३ साली काशीबाई नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेने पोटचं मूल मारून विहिरीत टाकलं आणि तिला जन्मठेप, काळं पाणी झालं. तिला फसवणारा शास्त्री मोकळाच राहिला. त्यानंतर जोतीराव आणि सावित्रीबाईंनी गुपचूप बाळंत होता यावं म्हणून घर उघडलं आणि ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर जाहिराती चिकटवल्या. १८८४ मध्ये जोतीरावांनी लिहून ठेवलंय: तोवर ३५ विधवा आल्या, त्यांची ५ मुलं जगली. बाकीची ३० आयांनी गर्भ लपवायला घेतलेल्या विषारी औषधांनी गेली. फुल्यांनी दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका विधवेचा. तो पुढे डॉक्टर झाला, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याला दुसरीच्या ओटीत घालून ती बाई कोणत्या वाटेने घरी गेली असेल? दूध येत असताना सासरच्या चार डोळ्यांसमोर छाती कशी आवळून बांधली असेल? इथे कादंबरीकाराने बसायला हवं.

मी ३१ वर्षं प्रसूतिकक्षात नोकरी केली. बाळ सोडून जाणाऱ्या मुली पाहिल्या. एक रडली नाही, बोलली नाही. निघताना तिने बाळाचं दुपटं तीनदा सोडून तीनदा गुंडाळलं आणि टोपऱ्याची नाडी बांधून चटकन वळली. ती परत आली नाही. मला आजही ती गाठ दिसते.

मराठीत गडकोट आणि लढायांच्या कादंबऱ्यांना तोटा नाही, मीही त्या आवडीने वाचते. या आयांची मात्र एकही माझ्या हाती लागली नाही. आपल्या येत्या दिवाळी अंकासाठी या विषयावर कथा मागवाव्यात, आणि लिहिणाऱ्यांना भेट घडवून आणण्याची अट घालू नये, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा