मंडळीतला पंक्तिप्रपंच

संपादक महोदय यांस,

स. न. वि. वि.

सुगी आटोपली की आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे गावोगावच्या चर्चमध्ये, उपकारस्तुतीचा सण होतो. लोक बाजरी, नारळ, भोपळा, एखादी कोंबडी असे जे घरचे असेल ते वेदीपाशी आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. यंदा आमच्या मंडळीतील एका वृद्ध विधवेने रुमालात बांधून सहा अंडी आणली होती, आणि त्याच दिवशी एका ठेकेदारांनी बऱ्याच मोठ्या रकमेचा धनादेश दिला. धनादेशाची घोषणा ध्वनिक्षेपकावरून तीनदा झाली, ठेकेदारांना शाल मिळाली, आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवता यावे म्हणून तिथे आधीपासून बसलेल्या दोघा शेतमजुरांना उठवून मागे सतरंजीवर धाडण्यात आले. त्यांना उठवणारा मीच होतो. मंडळीच्या कमिटीवर नऊ वर्षे काढलेल्या माणसाला हे काम कोणी सांगावे लागत नाही.

घरी आल्यावर बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढला. तो मी अनेकदा वाचला आहे, एकदोनदा त्यावर बोललोही आहे. पण त्या दिवशी तो आमच्याच मंडळीचा अहवाल वाटला. सोन्याची अंगठी घातलेला एक मनुष्य सभेत येतो, मळक्या कपड्यांतला दुसराही येतो. एकाला चांगली जागा मिळते आणि दुसऱ्याला ‘तू तिकडे उभा राहा, नाहीतर इथे पायांशी बस’ असे सांगितले जाते. याकोबाचा पहिला आरोप अंगठीवाल्यावर नाही, जागा वाटणाऱ्यांवर आहे. पक्षपातासाठी तिथे जो ग्रीक शब्द आहे, त्याच्या मुळाशी तोंड पाहून माणसाला जवळ करण्याची कल्पना आहे. आपल्याकडच्या ‘तोंड पाहून टिळा लावणे’ या म्हणण्याचाच तो सख्खा भाऊ म्हणायचा.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. ठेकेदारांचा अपमान करावा, किंवा गरीब आहे म्हणून कोणाचे खोटेही खरे मानावे, असे शास्त्र सांगत नाही. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकात (१९:१५) न्याय करताना गरिबाची बाजू घेऊ नये आणि थोराची भीड धरू नये, असे दोन्ही बाजूंनी बजावले आहे. आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची जी आज्ञा याकोब आपल्या युक्तिवादात पुढे करतो, ती त्याच अध्यायात अवघ्या तीन वचनांनंतर येते. भीड हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्या मंडळ्यांमधला पक्षपात क्वचितच दुष्टपणातून येतो. बहुतेक वेळा तो भिडेतून येतो.

भिडेने येशूचा शिष्य पेत्र याच्यासारख्या प्रेषितालाही सोडले नाही. कर्नेल्य नावाच्या रोमी सेनाधिकाऱ्याच्या घरी उभे राहून ‘देव पक्षपाती नाही’ अशी ग्वाही देणारा हाच पेत्र पुढे अंत्युखियात परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमेहून याकोबाकडची माणसे आली, तेव्हा त्यांच्या भीतीने तो पंगतीतून मागे सरकला. मराठीत ज्याला आपण पंक्तिप्रपंच म्हणतो तो अक्षरशः हाच. दुसरा प्रेषित पौल याने त्याला सर्वांदेखत जाब विचारला, आणि गलतीया प्रांतातील मंडळ्यांना पत्र लिहिताना या वागण्याला ढोंग म्हटले. पेत्राला सत्य माहीत नव्हते असे नाही. माहीत असूनही तो लोक पाहून वेगळा वागला. म्हणूनच पक्षपात हा केवळ दुसऱ्यावरचा अन्याय राहत नाही, तो स्वतःशी केलेला खोटेपणाही होतो.

हा खोटेपणा आमच्याकडे खुर्च्यांपुरता असता तर मी आपल्या वृत्तपत्राची जागा अडवली नसती. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तो दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती लोकांनाही तो मिळावा ही चर्चच्या पुढाऱ्यांची जुनी मागणी आहे, आणि या प्रश्नाच्या अभ्यासासाठी २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोगही नेमला गेला. मागणी मला न्याय्य वाटते. परंतु ‘धर्म बदलला तरी जात सुटत नाही’ हा तिचा मुख्य आधार आहे, आणि आम्ही मात्र सरकारदरबारी हे सांगून व्यासपीठावरून ‘ख्रिस्तात जात नाही’ असे गातो. शिवाय मुलीचे स्थळ पाहताना हळूच ‘मूळचे कोण?’ असेही विचारतो. होय ते होय आणि नाही ते नाही असावे, असे प्रभूने सांगितले आहे. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध करताना चर्चमध्येही भेदभाव चालतो, हे निदान लिहून तरी मान्य केले. आम्हा प्रॉटेस्टंटांच्या जिल्ह्यातल्या बैठकांत हा विषय निघाला की चहा येतो.

नोकऱ्यांचे तेच. काही वर्षांपूर्वी एका शाळेत शिपायाची जागा निघाली होती. अर्जांच्या छाननीला मी बसलो होतो आणि अर्जांमध्ये माझ्या भाच्याचाही अर्ज होता. मी त्याच्यासाठी एक शब्द बोललो नाही, याचा मला पुष्कळ दिवस अभिमान वाटे. वास्तविक मला बोलण्याची गरजच नव्हती, बाकीच्यांनी माझे तोंड पाहिले होते. मी त्या खोलीतून उठून जायला हवे होते.

केडगावच्या पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते अल्पशिक्षित खेडवळ बायकांना कळावे असा हेतू धरून. संस्कृतच्या एवढ्या पंडितेला विद्वानांची वाहवा मिळवणे अवघड नव्हते. तिने आपली विद्या मागच्या सतरंजीवर बसणाऱ्यांसाठी झिजवली.

नाताळ जवळ आला आहे, आणि आमदारसाहेबांना निमंत्रण गेले आहे. त्यांनी अवश्य यावे. पण एकही खुर्ची राखून ठेवू नये, देणगीदारांची नावे रकमेसह पुकारू नयेत, वर्षाचा जमाखर्च दाराजवळच्या फळ्यावर लावावा, आणि नातलगाचा अर्ज असेल त्या सदस्याने निवडीच्या बैठकीत बसू नये, असे चार मुद्दे मी कमिटीला लेखी दिले आहेत. इतर मंडळ्यांतील वाचकांनीही आपापल्या ठिकाणी ते मांडून पाहावेत, यासाठी हा पत्रप्रपंच. आमच्याकडे येत्या रविवारी उपासनेनंतर त्यावर चर्चा आहे. दोन सदस्यांनी ‘लोक काय म्हणतील’ असे आताच विचारले आहे.

विधवेने दान दिलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे अगदी कमी किमतीच्या नाण्यांची, बायबलमधली गोष्ट आम्ही लहान मुलांना शिकवतो. त्या सहा अंड्यांवर लिलावात कोणी बोली लावली नाही, ती शेवटी पाळकांच्या (मंडळीच्या धर्मगुरूंच्या) घरी गेली. उठवलेल्या दोघांपैकी एकाच्या घरी मी परवा जाऊन माफी मागून आलो. दुसरे ऊसतोडीला गेले आहेत. हंगाम संपेपर्यंत ते परतणार नाहीत.

आपला विश्वासू,
मंडळीचा एक जुना सभासद
जि. अहिल्यानगर