यात्रा बंद करू नका

विचिटा, कॅन्सस
३ ऑगस्ट

प्रिय संभा,

तुझा मेसेज वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. गावात आता सतराच उंबरे उघडे, पालखीला खांदे मिळत नाहीत, मुंबईकर मंडळाच्या मीटिंगला चार डोकी आली, म्हणून येत्या चैत्रापासून यात्रा बंद करायची असं ठरत आलंय. आणि खाली तू विचारलंस, ‘तूच सांग, माणसंच नाहीत तर देवी मिरवायची कुणासाठी?’ फोनवर उत्तर द्यावं असा हा प्रश्न नाही. योगायोग असा की गेल्या शनिवारी मी जिथं जाऊन आलो, तिथं मला या प्रश्नाचं उत्तर दिसलं. म्हणून हे पत्र. लांबेल, पण पूर्ण वाच.

इथून वायव्येला गाडीनं चार तासांवर निकोडेमस नावाचं गाव आहे. गाव म्हणजे दोन चर्च, एक दगडी सभागृह, थोडी घरं, आणि भोवती नजर जाईल तिथवर गव्हाचं कापलेलं रान. कायम राहणारी माणसं पंचविसाच्या आतच. कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर एक जण काम करतो, त्याचे पूर्वज तिथले. दर जुलैच्या शेवटी तो रजा टाकतो. काहीही झालं तरी टाकतो. यंदा म्हणाला, चल बघायला.

त्या गावाची कथा अशी. १८६२ मध्ये इथल्या सरकारनं कायदा केला की १८ डॉलर फी भरा, १६० एकर घ्या, पाच वर्षं तिथं घर बांधून राहा आणि जमीन कसा, मग ती तुमची. पुढं तीन वर्षांनी यादवी युद्ध संपलं, गुलामी गेली. पण दक्षिणेत मोकळ्या झालेल्या माणसाला जमीन कुणी देईना, मत देऊ देईना, मारहाण तर रोजची. १८७७ साली तिथलं उरलंसुरलं लष्करी संरक्षणही निघालं. त्याच साली कॅन्ससमध्ये नव्या गावाची पत्रकं निघाली आणि केंटकीतल्या चर्चांमधून वाटली गेली. सप्टेंबरात तीनशेच्या वर माणसं, बायकापोरांसकट, रेल्वेनं एलिस नावाच्या स्टेशनात उतरली. पुढं रस्ता नव्हता. सामान डोक्यावर घेऊन पायी.

आपल्या जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली ती १८७३ मध्ये. म्हणजे ज्यांच्या सुटकेचा आनंद पुण्यात झाला होता, तीच माणसं चार वर्षांनी हे माळरान तुडवत होती. सभागृहाच्या पायरीवर बसून हे आठवलं तेव्हा मला फार भरून आलं.

त्यांच्यात विलियाना हिकमन नावाची बाई होती. ती पुढच्या वसंतात, १८७८ मध्ये आली. एलिसला पोहोचल्यावर मुलांमध्ये गोवराची साथ आली, काही लेकरं गेली, दोन आठवडे तिथंच तळ पडला. मग घोडागाड्यांतून दोन दिवस. ती आजारी होती, गाडीत पडून होती. पुरुष ओरडले, ‘ते बघा निकोडेमस!’ ती उठून बसली, चहूकडं बघितलं. कुठंय? तिला दिसेना. नवऱ्यानं बोट केलं, जमिनीतून धूर निघत होता तिकडं. माणसं जमिनीत बिळं खणून राहत होती, वर काठ्या, झुडपं आणि मातीचं छप्पर. ती म्हातारपणी सांगायची, ते दृश्य काही मन रमावं असं नव्हतं, आणि मी रडायला लागले.

संभा, हे ऐकलं आणि मला तुझी आज्जी आठवली. आठवीच्या दिवाळीत मी होस्टेलवरून घरी न जाता तुमच्याकडं आलो होतो, बघ. चुलीपुढं बसून तिनं सांगितलेलं मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. कोयनेचं पाणी चढायला लागलं, ट्रकमध्ये भांडीकुंडी भरली, वाघजाईला लुगड्यात गुंडाळून तिनं मांडीवर घेतलं. ट्रक सोलापूरकडच्या काळ्या रानात थांबला तेव्हा संध्याकाळ होती. कुणीतरी म्हणालं, उतरा, आलं गाव. तिनं बघितलं तर नुसते पांढऱ्या फक्कीचे चौकोन आखलेले. झाड म्हणून नाही. जन्मभर जंगलात वाढलेली बाई ती. तिच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य होतं, ‘अगं बया, हितं सरणाला तरी लाकूड मिळंल का?’

केंटकीही डोंगरझाडीचा मुलूख. तिथली माणसं अशाच उघड्या रानात येऊन पडली. सरपण नाही. मग काय जाळायचं, तर बायसन म्हणजे इकडच्या रानगव्यांचं वाळलेलं शेण, आणि सूर्यफुलाचे वाळके दांडे. तुमच्या बायकांना शेजारच्या वाडीतल्या धनगरणींनी तुरकाट्या जाळायला शिकवल्या होत्या ना? तुरकाटी भसाभस पेटते, पण विस्तव धरत नाही, म्हणून खाली गोवरी ठेवायची. आज्जीनं हे मला करून दाखवलं होतं.

तिथं एका ऐंशीच्या पुढच्या शेतकऱ्यानं माझ्या हातात फावडं दिलं. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे हे मित्रानं त्याला सांगितलं होतं. कधीच न नांगरलेल्या एका पट्टीकडं नेऊन म्हणाला, खण. मी सगळं वजन टाकून पाय दिला. फावडं दोन बोटं गेलं आणि थांबलं. दुसऱ्यांदा दिला, करकर आवाज आला. गवताच्या मुळांची एकमेकांत विणलेली अशी जाड सतरंजी असते ती, कोयतीनं कापावी तशी कापावी लागते. दहा मिनिटांत मी शर्ट घामानं भिजवून हातभर जागा उकरली. म्हातारा म्हणाला, पहिल्या वर्षी सगळ्या वस्तीत मिळून तीन घोडे होते. बाकीच्यांनी याच हत्यारानं आणि कुदळीनं रान फोडलं. पुरुष रेल्वेच्या कामाला, दुसऱ्यांच्या सुगीला लांब लांब निघून जायचे, तेव्हा बायका फोडायच्या. माझ्या तळव्याला आलेला फोड अजून आहे. मला तो बरा व्हायची घाई नाही.

पहिला हिवाळा फार वाईट गेला. पेरणीचा हंगाम टळून गेल्यावर आलेली माणसं, घरात दाणा नाही. तेव्हा शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्यातलं मांस त्यांना दिलं, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. हे ओसेज कोण, तर काहीच वर्षांपूर्वी याच कॅन्ससमधून ज्यांना हुसकावून दक्षिणेला पाठवलं होतं ते मूळचे लोक. ज्यांची जमीन गेली त्यांनी जमिनीवर नव्यानं आलेल्यांना जेवू घातलं. मी म्हाताऱ्याला विचारलं, त्यांना राग आला नसेल का? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘आला असेल. पण त्यांनी लेकरं बघितली असतील.’

तरी गाव उभं राहिलं रे. शाळा पहिली, तीही जमिनीतल्या घरातच, जेनी फ्लेचर नावाच्या बाईनं भरवली. तिचा नवरा पोस्टमास्तर, पुढं त्यांनी हॉटेल काढलं. चर्च झाली, दुकानं झाली, वर्तमानपत्रं निघाली. इथं येऊन राहिलेला एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये अख्ख्या राज्याचा लेखापरीक्षक म्हणून निवडून आला. मग १८८७ मध्ये रेल्वे येणार अशी हवा झाली. ती यावी म्हणून या गरीब वस्तीनं १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. रेल्वे आली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्याच कंपनीचा रूळ नदीच्या पलीकडून गेला, आणि दुकानदार आपली लाकडी दुकानं उचलून रुळाकडं घेऊन गेले. हे ऐकताना तुमच्या आज्जीचं ‘पाणी आमचं आन्‌ उजेड ममईला’ कानात वाजत होतं. पुढं १९३० च्या दशकात धुळीची वादळं झाली, दुष्काळ पडला, पोरं शहरांकडं गेली. १९५३ मध्ये पोस्ट ऑफिसही बंद झालं. गाव संपलं म्हणायला आणखी काय लागतं?

आता शनिवारचं सांगतो. सकाळी नऊला आम्ही पोहोचलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, टेक्सस, कुठल्या कुठल्या नंबरप्लेटा. शेकडो माणसं. गुलामीतून सुटकेचा सण म्हणून १८७८ पासून हा मेळा भरतो, आता त्याला ‘होमकमिंग’ म्हणतात. मिरवणूक निघाली, घोड्यांवर जुन्या कृष्णवर्णीय पलटणीच्या वेशातली माणसं, ट्रॅक्टर, ट्रॉलीत पोरं. १९३९ मध्ये बांधलेल्या त्या दगडी सभागृहाच्या दारात एक म्हातारी खुर्ची टाकून बसली होती. आत जाणाऱ्या प्रत्येक पोराचा हात धरायची आणि एकच प्रश्न विचारायची, तू कुणाच्यातला? पोरगं बापाचं नाव सांगायचं. ती मान हलवायची, त्याच्या मागचा? आजोबा. त्याच्या मागचा? सात-आठ वर्षांचा एक मुलगा अडखळला, तर तिनं त्याला सोडलं नाही, खापरपणज्यापर्यंत स्वतः सांगितलं, त्याच्याकडून वदवून घेतलं, आणि मगच जेवणाच्या रांगेत जाऊ दिलं. तो मुलगा डेन्व्हरमध्ये जन्मलेला, गावात कधी एक रात्र झोपलेला नाही.

‘कुणाचा रं तू?’ यात्रेत देवळाच्या ओट्यावर तुझी आज्जी हेच विचारायची. मुंबईहून आलेली पोरं तिच्यापुढून जायला घाबरायची.

माझाही हात तिनं धरला. मी म्हणालो, मी इथला नाही, भारतातला आहे, पण माझ्या जिवलग मित्राचं गाव धरणात गेलं आणि त्यांनी असंच उघड्या रानात नवं गाव बसवलं. तिनं विचारलं, मग तेही सगळे वर्षातून एकदा जमत असतील? मी हो म्हणालो. तुझा मेसेज माझ्या खिशात होता, संभा, आणि मी हो म्हणालो.

तू म्हणतोस माणसं नाहीत. सतरा उंबरे म्हणजे निकोडेमसच्या मानानं भरलेलं गाव आहे ते. तिथं पंचवीस माणसांच्या जिवावर मेळा चालत नाही. बाहेर गेलेले परत येतात म्हणून चालतो, आणि मेळा आहे म्हणून त्यांना परत यायला कारण आहे. तुमची यात्रा बंद झाली तर घाटकोपरच्या आणि वाशीच्या पोरांनी गावाला यायचं कशासाठी? सातबाऱ्यावर सही करायला?

पालखीला खांदे नसतील तर ट्रॉलीवर ठेवा. इथं ट्रॅक्टरवर मिरवणूक निघते, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. छबिना एकाच रात्रीचा करा. तमाशाचा खर्च वगळा, जेवण मात्र ठेवा. आणि चैत्र शाळेच्या परीक्षांत येतो म्हणून पोरं येत नसतील, तर पंचांना विचारून तिथी मेमध्ये घ्या. देवीनं तुमच्यासाठी गाव बदललं, तिथी बदलल्यावर ती रुसणार नाही.

आणखी एक काम तुलाच करायचंय. ट्रकमधून आलेल्यांपैकी आता तात्या, शेवंताकाकू आणि खालच्या आळीचे बुवा एवढेच उरलेत ना? मोबाइल पुढं ठेव आणि बोलू दे. किती एकर मिळाली आणि कधी मिळाली हे कागदावर सापडेल. पहिल्या रात्री काय खाल्लं, कोण रडलं, भाकरी कुणी आणून दिली, ते त्यांनाच ठाऊक. विलियाना रडली हे कुणीतरी लिहून ठेवलं, म्हणून दीडशे वर्षांनी मला ती भेटली. तात्यांना खोकला फार झालाय असं वहिनी म्हणत होत्या. हे काम दिवाळीवर टाकू नकोस.

माझी वर्गणी ११,००० धर, उद्या पाठवतो. रजेचा अर्ज कालच टाकला. मुलीलाही आणतोय. ती इथंच जन्मली, ओट्यावर कुणी तिला ‘कुणाची गं तू?’ विचारलं तर काय सांगायचं ते मी तिच्याकडून रोज रात्री म्हणून घेतोय. पणजोबांपर्यंत आलीय. आज्जीच्या जागेवर यंदा शेवंताकाकूंना बसव. त्यांचा आवाज अजून खणखणीत आहे.

तात्यांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तारीख ठरली की लगेच कळव, तिकीट काढायचंय.

तुझा,
दिलीप