मैत्रिणीला प्रोग्रॅमिंग शिकवताना : लेकीस पत्र

प्रिय बाळा,

तुझा निरोप दोनदा वाचला. आठ वर्षं हिशेबाचं काम केलेली तुझी मैत्रीण आता प्रोग्रॅमिंगकडे वळू पाहतेय, सध्याच्या नोकरीत तिची फार ओढाताण होतेय, आणि तू तिला शिकवायचं कबूल केलंयस. चांगलं केलंस. पण पहिल्या भेटीत लॅपटॉप उघडू नका. कागद घ्या आणि दोनच आकडे लिहा: पगार बंद झाला तर तिचं घर किती महिने चालेल, आणि आठवड्यात तिला निवांत बसायला खरोखर किती तास मिळतात.

आठवड्याला १० तास धरले तरी वर्षाचे जेमतेम ५०० होतात. शून्यापासून पहिल्या नोकरीइतकी तयारी त्याहून कमी तासांत होईल असं मला वाटत नाही. तेव्हा आधी राजीनामा आणि मग अभ्यास, असं तिच्या मनात असेल तर तिला थांबव. घरखर्चाची टांगती तलवार असली की माणूस समजून घ्यायचं सोडून घाईघाईने उतरवून काढायला लागतो, आणि ते मुलाखतीत पाच मिनिटांत उघडं पडतं.

सहा आठवड्यांची मुदत ठरवा. म्हणजे साधारण ६० तास. या काळात तिला किती येतं हे बघू नकोस, ती अडकल्यावर काय करते ते बघ. प्रोग्रॅमरचा निम्माअधिक दिवस न चालणाऱ्या गोष्टीसमोर बसण्यात जातो, हे तुला मी सांगायला नको. चाळीस मिनिटं डोकं खाणारी चूक सापडल्यावर तिला पुढचं करावंसं वाटतं का, की त्या दिवसापुरतं सगळं नकोसं होतं? सहा आठवड्यांत हे तिचं तिलाच कळेल.

भाषा पायथन घ्या. तिचं काम तक्त्यांचं आणि आकड्यांचं आहे, तिथे पायथन लगेच उपयोगी पडतं. वेबपेजेस बनवायचीच हौस असेल तर जावास्क्रिप्ट. यावर एक संध्याकाळसुद्धा घालवू नका. पायथन १९९१ पासून आहे, जावास्क्रिप्ट १९९५ पासून, दोन्ही इतक्यात कुठे जात नाहीत. वाईट एवढंच, की दर पंधरा दिवसांनी भाषा बदलायची.

इन्स्टॉल करताना मात्र तू शेजारी बस. कितीतरी जण इथेच हाय खातात आणि समजतात की आपल्याला प्रोग्रॅमिंग जमत नाही. विंडोजवर पाथचा (पायथन कुठे आहे हे संगणकाला सांगणारा) चौकोन टिक करायचा राहतो आणि टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, म्हणतं, पायथन सापडत नाही. फाइलचं एक्स्टेन्शन लपलेलं असतं, त्यामुळे सेव्ह केलेल्या नावाच्या शेवटी नकळत टीएक्सटी चिकटतं. सगळ्यात छळणारी चूक म्हणजे सरावाच्या फाइललाच ‘रँडम’ किंवा ‘सीएसव्ही’ असं नाव देणं. मग इम्पोर्ट करताना पायथन त्याच नावाच्या मूळ मॉड्यूलऐवजी, म्हणजे सोबत येणाऱ्या तयार कोडऐवजी, तिचीच फाइल उचलतो आणि भलतीच एरर दाखवतो.

पहिल्या दोन आठवड्यांतल्या अडचणी ठरलेल्या असतात. इनपुटमधून येतो तो मजकूर, आकडा नव्हे, म्हणून ५ आणि ७ ची बेरीज ५७ दिसते. लिस्टची मोजणी शून्यापासून सुरू होते. १ ते १० ची रेंज ९ वर थांबते. एक बरोबर-चिन्ह किंमत ठेवतं, दोन चिन्हं तुलना करतात. ओळीपुढच्या मोकळ्या जागेत टॅब आणि स्पेस मिसळले की कोड चालायचं नाकारतो. हे आधी सांगून ठेवू नकोस. तिला धडकू दे, मग कारण सांग, ते लक्षात राहील.

एक गोष्ट मात्र हिशेबवाल्या माणसाला आधी सांगितलीच पाहिजे. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले की उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. ती घाबरेल, आणि तिचं घाबरणं योग्य आहे, तिच्या कामात शेवटचा दशांशही जुळावा लागतो. कारण असं, की दशांश अपूर्णांक आत द्विमान पद्धतीने साठवले जातात आणि ०.१ त्या पद्धतीत नेमका मावतच नाही. पैशांसाठी डेसिमल मॉड्यूल वापरायचं, किंवा सगळी रक्कम सर्वांत लहान नाण्यात, पूर्णांकात ठेवायची. तिला वाटेल हा पायथनचा दोष आहे. तसं नाही, बहुतेक भाषांत हेच होतं. माझा अंदाज आहे की या एका धड्यावर ती आपणहून तासभर बसेल.

एरर वाचायला शिकव, बाकी सगळं नंतर. लाल मजकूर दिसला की नवशिका माणूस नजर फिरवतो. तिला सांग, शेवटची ओळ आधी वाच, तिथे चुकीचा प्रकार लिहिलेला असतो. मग वर जात स्वतःच्या फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक शोध. तिथे काहीच चुकलेलं दिसत नसेल तर आदली ओळ बघ, बंद न केलेला कंस बहुधा तिथे असतो.

आणि बाळा, कीबोर्डला हात लावू नकोस. तुझ्या बोटांना सवय आहे, तू दहा सेकंदांत दुरुस्त करशील, ती मान डोलावेल, आणि घरी जाऊन तिथेच अडकेल. ती अडकली की तीन प्रश्न विचार: तुला काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि तू काय करून पाहिलंस? हे मोठ्याने सांगतानाच निम्म्या चुका तिच्या तिला सापडतील. एकटी असताना वीस मिनिटं झगडून मग हेच तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहून तुला पाठवायची, असा नियम करा. ‘अगं, सोपं आहे’ हे शब्द तुझ्या तोंडून येऊ देऊ नकोस. ते ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारायची तिला लाज वाटेल.

व्हिडिओंचं एक सांगते. बघताना सगळं कळतं आणि कोऱ्या फाइलसमोर एक ओळ सुचत नाही. अर्धा तास व्हिडिओ पाहिला तर दुसऱ्या दिवशी तो न उघडता तेच पुन्हा लिहायचं, आणि एक तरी गोष्ट बदलून. एआयचंही तसंच. एरर समजावून घ्यायला, एखादी संकल्पना दुसऱ्या शब्दांत ऐकायला ते उत्तम आहे. पण जी ओळ तिला स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही, ती ओळ फाइलमध्ये राहणार नाही. याबाबत मी हट्टी आहे, तूही रहा.

व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन, लिस्ट आणि डिक्शनरी एवढं हाताखालून गेलं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिचं स्वतःचं काम पुढ्यात ठेव. टू-डू लिस्ट आणि कॅल्क्युलेटर हजारो शिकाऊ लोक करतात. ती बँकेच्या स्टेटमेंटचा आणि खातेवहीचा ताळमेळ दर महिन्याला हाताने घालते, तोच प्रोग्रॅम करायचा. दोन सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या) फाइली, रक्कम तीच आणि तारखेत जास्तीत जास्त ३ दिवसांचा फरक, तर जोडी लावायची. उरलेल्या नोंदी तिसऱ्या फाइलमध्ये काढायच्या. ऑफिसचा खरा डेटा घरी आणायचा नाही. त्याने तिची नोकरी जाऊ शकते. तिने स्वतः ५० खोट्या नोंदी बनवाव्यात आणि त्यात १० चुका मुद्दाम पेराव्यात.

इथे खरं शिक्षण सुरू होतं. स्वल्पविराम असलेली रक्कम आकडा म्हणून वाचली जात नाही. एका फाइलीत दिवस आधी, दुसरीत महिना आधी, त्यामुळे १२ तारखेपर्यंतच्या नोंदी चुकीच्या वाचल्या जातात तरी एरर येत नाही, आणि १३ पासून अचानक सगळं कोसळतं. नावापुढची एक अदृश्य स्पेस जोडी लागू देत नाही. एकाच रकमेच्या दोन नोंदी असल्या तर प्रोग्रॅम दोन्हींची जोडी त्याच एका नोंदीशी लावतो, म्हणून जुळलेली नोंद यादीतून बाजूला काढावी लागते. एक्सेलमध्ये फाइल उघडून सेव्ह केली की खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळतात, आणि १५ अंकांपुढचे अंक शून्य होतात. देवनागरी नावांच्या जागी चौकोन आणि चिन्हं दिसली तर फाइल यूटीएफ-८-सिग या एन्कोडिंगने (अक्षरं साठवायच्या पद्धतीने) लिहायची. यातली प्रत्येक चूक तिने आठ वर्षांत कुठल्या ना कुठल्या रूपात पाहिलेली आहे. वीस वर्षांच्या मुलाला हे शिकवायला महिने लागतात, तिला फक्त कोडमध्ये मांडायला शिकायचंय.

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, याच प्रोजेक्टसोबत सुरू करा. सुरुवातीला इनिट, ॲड, कमिट आणि लॉग, चार कमांड पुरेत. पासवर्ड फाइलमध्ये लिहून कमिट झाला, म्हणजे त्या इतिहासात नोंदला गेला, तर पुढच्या कमिटमध्ये तो खोडून उपयोग नाही, इतिहासात तो राहतोच. पासवर्डच बदलायचा.

त्यानंतर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. तिला ते पायथनपेक्षा लवकर जमेल, आणि एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पायथनसोबतच येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. दोन खड्डे दाखवून ठेव. जॉइनमध्ये, म्हणजे दोन तक्ते जोडताना, एका ग्राहकाच्या समोर अनेक ओळी आल्या की ग्राहकाकडची रक्कम तितक्या वेळा मोजली जाते आणि बेरीज फुगते. आणि रिकामी किंमत बरोबर-चिन्हाने सापडत नाही, तिच्यासाठी ‘इज नल’ लिहावं लागतं.

नोकरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तिने थेट सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या जागेसाठी ताज्या पदवीधरांच्या रांगेत उभं राहू नये. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं इम्प्लिमेंटेशन, टेस्टिंग, सपोर्ट, डेटाचं विश्लेषण, या कामांत तिची आठ वर्षं मोजली जातात. सर्वांत जवळची वाट तिच्याच ऑफिसातून जाते. परवानगी घेऊन तिथला एखादा मासिक रिपोर्ट तिने आपोआप तयार होईल असा करावा आणि आधी किती वेळ लागायचा, आता किती लागतो, हे लिहून ठेवावं. बायोडेटामध्ये ती ओळ वर.

ती एखाद्या महागड्या कोर्ससाठी कर्ज काढायचं म्हणेल. नोकरीची हमी असेल तर हमीच्या अटी तू स्वतः वाच: पैसे परत कधी मिळतात, किती अर्ज करावे लागतात, कुठलीही नोकरी नाकारली तर हमी जाते का. संस्थेने पुढे केलेल्या नव्हे, तुम्ही शोधलेल्या तीन जुन्या विद्यार्थ्यांशी बोला.

तुझं स्वतःचंही बघ. आठवड्यातून एक ठरलेला तास, बाकी लिहून पाठवलेले प्रश्न. तुझ्या कंपनीत नाव सुचवायचं वचन आत्ता देऊ नकोस. ती ताळमेळाचा प्रोग्रॅम न अडखळता समजावून सांगू लागली की मग बघू. सहा आठवड्यांनी तिला हे काम नकोसं वाटलं तर तसं म्हणायला तिला मोकळीक दे. एसक्यूएल आणि सीएसव्हीचं जे आलं ते तिच्या आजच्या कामातही वापरता येईल.

आणि ती रात्र-रात्र झोपत नसेल, बोलता-बोलता रडत असेल, तर लूप आणि लिस्ट दोन आठवडे बाजूला ठेव. तिला डॉक्टरकडे घेऊन जा, आणि त्या दिवशी सोबत रजा टाक.

तुझी,
आई