माप तेच, पण टायर कारचे: भरलेली पिकअप मागून डुलत असल्याबाबत तक्रार

दि. १८ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग
(कंपनीचे आणि दुकानाचे नाव या प्रतीतून गाळले आहे.)

विषय: पिकअपला चुकीच्या भारक्षमतेचे टायर बसवून दिल्याबाबत, आणि ‘उत्पादनदोष आढळला नाही’ असे लिहून तक्रार बंद केल्याबाबत.

महोदय,

मी वरूड तालुक्यातला संत्रा उत्पादक आहे. घरची बाग आहे, आणि हंगामात आजूबाजूच्या बागायतदारांचा मालही माझ्याच पिकअपने नागपूरला कळमन्याच्या बाजारात नेतो. गाडी मीच चालवतो. सप्टेंबरमध्ये, पोळ्याच्या आठवड्यात, आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून २१५/७५ आर १५ मापाचे चार नवे टायर घेतले. गाडीची कागदपत्रं काउंटरवर ठेवली, संत्रा भरतो हे सांगितलं आणि स्पष्ट शब्दांत म्हटलं, ‘आठ प्लायचे (आठ थरांच्या ताकदीचे) द्या.’ त्यावर उत्तर मिळालं, ‘भाऊ, आता रेडियलमध्ये प्लाय-बिय काही राह्यत नाही.’

हे उत्तर अर्धंच खरं आहे, आणि माझी सगळी तक्रार उरलेल्या अर्ध्यात आहे. रेडियल टायरमध्ये पूर्वीच्या नायलॉन टायरसारखे मोजून आठ थर नसतात, हे मान्य. पण ८ पीआर (प्लाय रेटिंग) हा थरांचा हिशेब नाहीच, ते ताकदीचं माप आहे. मालवाहू गाडीच्या रेडियल टायरवर ते आजही छापलेलं असतं. दुकानदाराला हे माहीत नसेल तर त्याला तसं शिकवणं आपलं काम. माहीत असून त्याने सांगितलं नसेल तर प्रकरण त्याहून वाईट.

आता गाडी काय करते ते सांगतो, कारण टायर तपासायला आलेल्या आपल्या माणसाने अहवालात त्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. सप्टेंबरात खताच्या चार पिशव्या, घरचं किरकोळ सामान एवढीच ने-आण होती. तेव्हा गाडी थोडी पाण्यावर तरंगल्यासारखी वाटायची, पण भीती वाटावी असं काही नव्हतं. आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली, कॅरेटचे पाच थर चढले आणि खरा प्रकार कळला. पन्नासच्या वर काटा गेला की मागचा भाग आपल्या मनाने डुलतो. खड्डा चुकवायला स्टिअरिंग जरासं फिरवलं की पुढचा भाग लगेच वळतो, मागचा मात्र क्षणभर थांबून मग येतो. आला की थोडा जास्तच येतो. तो सावरायला स्टिअरिंग उलटं द्यावं, तर मागचा भाग तिकडे झुलतो. जलालखेड्याच्या अलीकडे समोरून एसटी भरधाव निघून गेली, तेव्हा तिच्या वाऱ्याने गाडी दोनतीनदा अशी हलली की शेजारी बसलेल्या पोराने डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला. ज्यांनी भरल्या गाडीने काटोलकडचा रस्ता रात्री केलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. पहाटेचा लिलाव धरायचा असतो, म्हणून आम्ही निघतोच रात्री.

मी दुकानात परत गेलो. पहिलं उत्तर, ‘नवे टायर आहेत, रुळले की नीट होईल.’ यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. नव्या टायरची नक्षी खोल असते, तिचे ठोकळे उंच असतात, ते थोडे लवचिक वागतात; शिवाय साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या द्रवाचा अंश वर राहतो आणि सुरुवातीला पकड थोडी कमी वाटते. पण हा प्रकार काही शे किलोमीटरमध्ये संपतो. माझ्या गाडीचं उलटं झालं, टायर जसे वापरले गेले आणि वजन वाढलं तसा त्रास वाढला.

मग अलाइनमेंट. ती झाली, पैसे घेतले, फरक शून्य. पुन्हा अलाइनमेंट आणि चारही चाकांचं बॅलन्सिंग. तरीही फरक नाही, तेव्हा ‘टायरॉड एंड (स्टिअरिंगचा पुढच्या चाकाजवळचा सांधा) गेलाय’ म्हणून तो बदलला. काढलेला टायरॉड एंड मी जपून ठेवला आहे. आमच्या गावचा मिस्त्री तो हातात फिरवून म्हणाला, ‘याला काय धाड भरली व्हती?’

महोदय, इथे थोडं थांबून एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, नाहीतर स्टिअरिंग तिरकं राहतं, किंवा टायर एका कडेने झिजतो. बॅलन्सिंग बिघडलं तर ठरावीक वेगावर स्टिअरिंगमध्ये थरथर येते. टायरच्या आतला पट्टा सुटला असता तर रिकाम्या गाडीतही धप्‌धप् जाणवली असती. माझी गाडी ओढत नाही, थरथरत नाही, धपधपत नाही. ती मागून डुलते, आणि तेही भरल्यावरच. या गाडीला मागे सरळ हौसिंग (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध अॅक्सल) आहे, पाट्यांवर (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) बसवलेलं. अलाइनमेंटच्या मशीनवर तिथे फिरवायला नटच नाही. म्हणजे दुखणं मागे, आणि प्रत्येक वेळी पैसे घेऊन पुढचीच चाकं दुरुस्त केली गेली.

खरं निदान एका वडाखाली बसणाऱ्या मिस्त्रीने केलं. त्याच्याकडे मशीन नाही. त्याने भरलेली गाडी सपाट जागेवर उभी करायला लावली, दोन पोट्ट्यांना बाजूचा फाळका धरून गाडी जोरात हलवायला सांगितलं आणि स्वतः मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला. मला वाटलं पाटे बघतोय. तो टायर बघत होता. थोड्या वेळाने मलाही खाली बसवलं. पाटे जागेवर होते, बुश जागेवर होते. टायरचा जमिनीला टेकलेला भाग हलत नव्हता, पण वरची रिम त्याच्यावर डावीउजवीकडे सरकत होती, आणि प्रत्येक हेलकाव्याला टायरचा गाल, म्हणजे बाजूची भिंत, एकदा या अंगाला फुगायचा, एकदा त्या अंगाला. ‘भाऊ, हा गालच नरम हाये. तुमची गाडी नाई डुलत, टायर डुलते,’ तो म्हणाला.

तेवढ्यावर विश्वास ठेवायला मी तयार नव्हतो, म्हणून खात्री केली. माझ्या चुलतभावाकडे, म्हणजे दादांकडे, याच मॉडेलची, त्याच सालची गाडी आहे, कंपनीतून आलेल्याच टायरवर चालणारी. आम्ही दोन्ही गाड्यांची मागची चाकं रिमसकट अदलाबदल केली. माल तेवढाच, रस्ता तोच. माझी गाडी सरळ चालली, आणि वाटेतच दादांचा फोन आला, ‘काय बे, काय बसवून देल्लं माह्या गाडीले?’ त्यांची आजवर कधी न डुललेली गाडी डुलायला लागली होती. टायरॉड, अलाइनमेंट, पाटे, माझा हात, यातलं काहीही त्यांच्या गाडीत गेलं नव्हतं. गेले होते फक्त आपले दोन टायर.

मग दोन्ही टायर शेजारी उभे करून बॅटरीच्या उजेडात वाचले. माप दोघांवर एकच, २१५/७५ आर १५. पण दादांच्या टायरवर मापाच्या आधी ‘एलटी’ (लाइट ट्रक, म्हणजे हलकं मालवाहू वाहन) आहे, भार निर्देशांक १०६/१०३ (पहिला आकडा एकेरी टायरचा, दुसरा जोडटायरचा), ८ पीआर, कमाल हवा ६५ पीएसआय. माझ्यावर ‘एलटी’ नाही, निर्देशांक १००, कमाल हवा ४४. भारतीय मानकाचा आकडासुद्धा वेगळा. दादांच्या टायरवर आयएस १५६३६, जे व्यावसायिक वाहनांच्या टायरचं मानक आहे. माझ्यावर आयएस १५६३३, जे प्रवासी कारच्या टायरचं आहे. आपणच हे रबरात कोरून पाठवलंय. दुकानातल्या कोणीही खाली वाकून वाचलं असतं तर टायर डिस्कवर चढायच्या आधीच गोष्ट मिटली असती.

आता वजनाचा हिशेब. निर्देशांक १०० म्हणजे एका टायरला कमाल ८०० किलो, दोघांना मिळून १६००. मी भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन फक्त मागची चाकं काट्यावर घेतली. पावतीवर १७४० किलो आहे. गाडीच्या कागदांत मागच्या अॅक्सलला याहून जास्त वजनाची परवानगी आहे, म्हणजे मी ओव्हरलोड नव्हतो. ही पळवाट आपण शोधाल म्हणून आधीच सांगतो. गाडीला चालणारं वजन आपल्या टायरला चालत नव्हतं. १०६ निर्देशांकाचे टायर असते तर एकाला ९५० किलो, दोघांना १९०० झाले असते आणि प्रश्नच उरला नसता.

हवेचं प्रकरण तर अंगावर काटा आणणारं आहे. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकांत ६० हवा हवी. दुकानातल्या पोराने पहिल्या दिवशी सगळीकडे सरसकट ३५ भरली, जशी कारला भरतात. मी डुलण्याची तक्रार केली तेव्हा त्याच पोराने मागे ५५ भरून दिली, ज्या टायरवर कमाल ४४ लिहिलंय त्यात. डुलणं थोडं कमी झालं, खरं आहे. पण ते कसं कमी केलं हे आज कळल्यावर त्या रात्रींचा विचार नको वाटतो. कळमन्याला पोचल्यावर मागच्या टायरच्या खांद्याला हात लावला की चटका बसायचा. जास्त वाकणारा टायर तापतो, तापलेला टायर फुटतो, आणि भरल्या गाडीचा मागचा टायर रात्री फुटला तर काय होतं हे आपल्या अभियंत्यांना मी सांगायचं काम नाही.

आपल्या तपासणी प्रतिनिधीने काय केलं? टायर रिकाम्या गाडीवर पाहिले, नक्षीची खोली मोजली, फोटो काढले आणि ‘उत्पादनदोष नाही, दावा नामंजूर’ लिहून गेला. माझी गाडी चालवून पाहिली नाही. मी भरलेली गाडी आणतो म्हटलं तर ‘त्याची गरज नाही’. आपल्या दाव्याच्या अर्जात उत्पादनदोष सोडून दुसरा रकानाच नाही, असं त्याने सांगितलं. महोदय, टायरमध्ये दोष आहे असं मी कधी म्हटलंच नाही. टायर उत्तम असेल, एखाद्या कुटुंबाच्या कारला लावा, पाच वर्षं चालेल. विकताना चूक झाली आहे. जी चूक मी सांगतो तिला आपल्या अर्जात जागा नाही, म्हणून ती झालीच नाही असं होत नाही.

बिलावर फक्त ‘२१५/७५ आर १५, नग ४’ एवढं आहे. ना एलटी, ना निर्देशांक, ना पीआर. २८ टक्के जीएसटी मात्र शेवटच्या पैशापर्यंत बरोबर लावलाय.

माझी मागणी अशी आहे. हे चारही टायर परत घेऊन गाडीच्या कागदांप्रमाणे एलटी, ८ पीआर, १०६/१०३ निर्देशांकाचे टायर द्यावेत, आणि ते उपलब्ध नसतील तर बिलाची पूर्ण रक्कम परत करावी. झिजेचं कापून घेण्याची भाषा करू नये, ही झीज मी मागितलेली नव्हती. दोन्ही अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि टायरॉड एंडचा खर्च द्यावा. सध्या ऐन हंगामात मी भाड्याची गाडी लावून माल पाठवतोय, ते भाडंही द्यावं, त्याच्या पावत्या जोडल्या आहेत. आणि चौथी गोष्ट पैशाची नाही: त्या दुकानातून याच मापाचे हेच टायर आणखी कोणाकोणाच्या पिकअपला बसवलेत ते बिलबुकातून काढून त्या लोकांना कळवावं. बाजार समितीत गाडीखाली वाकून पाहायला लागल्यापासून मला असे टायर दुसऱ्यांच्या गाड्यांवरही दिसले आहेत. त्या चालकांना मी तोंडी सांगितलंय, पण त्यांना लेखी सांगण्याची जबाबदारी आपली आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ‘गाडी व्यवसायाची, म्हणून तुम्ही ग्राहक नाही,’ असं दुकानदाराने मला ऐकवलं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेऊन स्वतः वापरणारा ग्राहकच धरला आहे. तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा लागत नाही. आपल्या मुख्य कार्यालयाच्या गावी मला यावं लागणार नाही, आपल्या वकिलांना मात्र इकडे यावं लागेल.

बिल, वजनकाट्याची पावती, दोन्ही टायरच्या छापील मजकुराचे फोटो, दाराच्या स्टिकरचा फोटो, दुरुस्तीच्या आणि भाड्याच्या पावत्या सोबत आहेत. चारही टायर गाडीवरून उतरवून कोठ्यात ठेवले आहेत. तपासायला माणूस पाठवायचा असल्यास जरूर पाठवावा, पण त्याने येताना हवेचा मीटर आणावा आणि भरलेल्या गाडीत माझ्या शेजारी बसून काटोलपर्यंत यायची तयारी ठेवावी. टायर पुन्हा चढवून देईन, हवा त्याच्या समोर ४४ च भरीन, आणि वेग पन्नासच्या वर नेणार नाही.

कळावे,

आपला ग्राहक
(सही)
ता. वरूड, जि. अमरावती