रॅपच्या व्हिडिओंतली मुंबई जपायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या वस्त्यांच्या गल्ल्या, गच्च्या, पाण्याच्या टाक्या गेल्या दहा-बारा वर्षांत स्थानिक रॅपच्या व्हिडिओंनी जेवढ्या टिपल्या, तेवढ्या क्वचितच कोणी टिपल्या असतील. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणं आयपॅडवर चित्रित केलं, आणि भाड्याचा कॅमेरा न परवडणाऱ्या पोरांनाही वाट दिसली. पुनर्विकासात चाळी पडत आहेत. बेस्टची डिझेलवरची शेवटची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला धावली. उद्या कोणाला ‘तेव्हा इथे कसं होतं’ हे आठवायचं झालं, तर ते बहुधा अशाच एखाद्या गाण्यातून आठवेल.

पण ही आठवण कॅमेऱ्याने घडवलेली असते. संथ गतीच्या दृश्यात ओठ शब्दांशी जुळावेत म्हणून सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, सेकंदाला ५० फ्रेम (चित्रं) घेतात आणि संपादनात सेकंदाला २५ च्या वेगाने दाखवतात. गाणाऱ्याचे ओठ बरोबर जुळतात. मागून हंडा घेऊन लगबगीने जाणारी बाई मात्र अर्ध्या वेगाने चालते. वास्तवात धावणारी गल्ली निवांत होऊन बसते. १६ मिलिमीटरच्या, रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सने चार फुटांचा बोळ ऐसपैस, लांबलचक दिसतो. रंग बदलले की सोडियमच्या दिव्यांचा पिवळा उजेडही ओळखू येत नाही. आणि गल्लीचा स्वतःचा आवाज तर पूर्ण पुसला जातो, वर फक्त बीट, म्हणजे गाण्यामागचं ठेक्याचं संगीत, राहतो. हे नुकसान मला सर्वात मोठं वाटतं.

म्हणून व्हिडिओ करणाऱ्या मुलांना कळकळीची विनंती. पॅकअपआधी कॅमेरा स्टँडवर ठेवा, गाणं बंद करा आणि साध्या वेगात दोन मिनिटं नुसती गल्ली घ्या, आवाजासकट. सेकंदाला १०० मेगाबिटने फोरकेमध्ये ते जेमतेम दीड जीबी होतं. ती क्लिप रंग न बदलता ठेवा.

यूट्यूबवर व्हिडिओखालच्या वर्णनाच्या चौकटीत कलाकारांची नावं असतात, जागा नसते. तिथे गल्लीचं किंवा चाळीचं नाव, जवळची ठळक खूण आणि चित्रीकरणाचा महिना-वर्ष लिहा. अपलोडची तारीख पुरत नाही, कारण बीटच्या हक्कांवरून दावा आला की व्हिडिओ उतरवून वर्षभराने पुन्हा चढवला जातो, आणि चाळ पडल्यानंतरची तारीख तिच्या नावावर चढते. घरांचे क्रमांक मात्र लिहू नयेत. तिथे माणसं राहतात.

मूळ फायली यूट्यूबवर राहत नाहीत, तिथे असते ती दाबून लहान केलेली प्रत. बहुतेकदा दुसऱ्या दिवशीच्या शूटसाठी कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड पुसलं जातं आणि मूळ चित्रण कायमचं जातं. दोन हार्ड डिस्कवर प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. पावसाळ्यात गळक्या खोलीत एकाच डिस्कचा भरवसा नको.

‘स्वदेसी’ या रॅप गटाने आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत ‘द वारली रिव्हॉल्ट’ या गाण्यामध्ये आरेतल्या आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न मांडला. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडं रातोरात तोडली गेली. अशा गाण्यांसाठी केलेलं मूळ चित्रण ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांच्या माध्यम विभागांनी मागून घ्यावं. मुलं आनंदाने देतील, फक्त कोणीतरी विचारायला हवं.

आपला,
एक वाचक, चेंबूर